बातमीदाराची न दिसणारी जखम

हिंगणी (जि. वर्धा) - सेलूहून बोर धरणाकडे निघाले, की वाटेत हिंगणी लागते. कापूस, सोयाबीन आणि अलीकडे बोरच्या जंगलातला वाघ, हे येथील बोलण्याचे विषय. युद्धाशी या जिल्ह्याचा थेट संबंध एकच. जिल्ह्याच्या पश्चिमेला पुलगावात लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे आणि ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री तेथे झालेल्या स्फोटांनी आसपासची गावे रिकामी करावी लागली होती. एरवी युद्ध येथे येते ते सकाळच्या वर्तमानपत्रातून. गाझा असो वा युक्रेन, त्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थेच्या नावाने येते. त्याहून कितीतरी जवळचे, चंद्रपूर ओलांडले की सुरू होणारे युद्ध मात्र वेगळ्याच खुणेने येते. 'भामरागड (वार्ताहर)' या दोन शब्दांनी.

वाचकाची नजर या दोन शब्दांवर क्षणभरही थांबत नाही. तसे तिने थांबावे, अशी अपेक्षाही नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या जगात मात्र या शब्दांना नेमका अर्थ आहे. 'विशेष प्रतिनिधी' म्हणजे मुंबई-दिल्लीतला अनुभवी पत्रकार. 'प्रतिनिधी' म्हणजे पगारपत्रकावर नाव असलेला. 'वार्ताहर' या तिसऱ्या शब्दामागे बहुतेक वेळा ना पगार असतो, ना नियुक्तिपत्र. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षकी, किराणा दुकान किंवा शेती सांभाळून तो बातम्या पाठवतो. अनेकदा वर्तमानपत्राची एजन्सी त्याच्याकडेच असते आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मिळवून त्यावरील कमिशनवर त्याचा खर्च निघतो. हिंगणीत काय किंवा भामरागडमध्ये काय, या माणसाचे अर्थकारण सारखेच. फरक एवढाच, की हिंगणीच्या वार्ताहराला बोंडअळीची बातमी द्यायची असते आणि भामरागडच्या वार्ताहराला सुरुंगस्फोटाची.

युद्धवार्तांकनाची वैयक्तिक किंमत हा विषय निघाला, की हेल्मेट घातलेला, छातीवर 'प्रेस' लिहिलेले जाकीट चढवलेला परदेशी पत्रकार डोळ्यांपुढे येतो. हे चित्र खोटे नाही. ब्रिटिश वृत्तपत्राची बातमीदार मेरी कोल्व्हिन हिने २००१ मध्ये श्रीलंकेत एक डोळा गमावला आणि २०१२ मध्ये सीरियातील होम्स शहरात प्राण. रॉयटर्सचा छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकजवळ मारला गेला, तेव्हा तो अवघा ३८ वर्षांचा होता. त्याची बातमी काही तासांत जगभर गेली. पण महाराष्ट्राच्या वाट्याला जे युद्ध आले, त्याचे वार्तांकन जाकीट नसलेल्या माणसांनी केले आहे, आणि त्यांनी मोजलेल्या किमतीची चर्चा त्यांच्याच वर्तमानपत्रांत क्वचित होते.

गडचिरोलीतील २००९ हे वर्ष आठवावे. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५ पोलिस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६, त्यात पाच महिला पोलिस. ८ ऑक्टोबरला, विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर असताना, लाहेरीत १७. एकाच जिल्ह्यात, नऊ महिन्यांत, तीन घटनांत ४८ पोलिसांचे मृत्यू. त्या काळी जिल्ह्याच्या मोठ्या भागात मोबाईल लागत नसे. गडचिरोली ते भामरागड हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली, की भामरागडचा उर्वरित जगाशी संपर्कच तुटतो. अशा ठिकाणाहून नागपूरच्या कार्यालयाला रात्रीच्या आत मृतांचा आकडा, नावे आणि शक्यतो छायाचित्र हवे असते. ते देणारा माणूस घटनास्थळाकडे मोटारसायकलवर निघतो, तेव्हा रस्त्याखाली दुसरा सुरुंग आहे की नाही, हे त्याला कोणीही सांगू शकत नाही. शिवाय या दूरच्या तालुक्यांत कोणीच कोणाला अनोळखी नसते. शहरातून आलेला पत्रकार मृतदेह पाहतो. तेथील वार्ताहर अनेकदा ओळखीचा चेहरा पाहतो.

हेच दुसऱ्या बाजूच्या मृतांबाबतही खरे आहे. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरच्या चकमकीनंतर इंद्रावती नदीतून मृतदेह निघत राहिले आणि एकूण आकडा ४० वर गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलातून २६ मृतदेह गडचिरोलीत आणण्यात आले. त्या रांगांमध्ये छत्तीसगडचे तरुण होते, तशीच गडचिरोलीच्या गावांतील मुलेमुलीही होती. त्यांच्या आईवडिलांना गाठून 'प्रतिक्रिया' घेणे हेही वार्ताहराचेच काम. पत्रकारितेच्या पदविका अभ्यासक्रमात बातमीचा मथळा कसा द्यावा, हे शिकवतात. शवागाराबाहेर बसलेल्या आईसमोर वही कशी उघडावी, हे शिकवत नाहीत.

दोन्हीकडून संशय

या युद्धात गोळीइतकेच भय संशयाचे असते. नक्षलवादी संघटना आपली पत्रके वार्ताहरांपर्यंत पोचवत आल्या. बंदची हाक, एखाद्या हत्येची जबाबदारी, पोलिसांच्या दाव्याचा इन्कार, हे सारे त्यात असते. पत्रक छापले, की पोलिस विचारतात, ते तुझ्याकडे आले कसे? छापले नाही, तर जंगलातून निरोप येण्याची धास्ती. पोलिसांच्या निमंत्रणावरून आत्मसमर्पणाच्या कार्यक्रमाला जावे, तर 'खबऱ्या' हा शिक्का बसू शकतो आणि त्या भागात या एका शब्दाचा अर्थ मृत्युदंड असाच होत आला आहे.

इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातील बासागुडा येथील साई रेड्डी यांची कहाणी या पेचाचा शेवट काय होतो, ते सांगते. ते 'देशबंधू' या हिंदी दैनिकासाठी लिहीत. नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून २००८ मध्ये पोलिसांनी त्यांना राज्याच्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली अटक केली. पाच वर्षांनी, ६ डिसेंबर २०१३ रोजी, आठवडी बाजाराच्या गावात नक्षलवाद्यांनी त्यांना ठार केले. कारण? ते पोलिसांच्या बाजूचे आहेत, हा आरोप. एका माणसावर एकाच कामासाठी दोन्ही पक्षांनी परस्परविरोधी आरोप ठेवले आणि दोघांनीही आपापल्या परीने शिक्षा दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुकमा जिल्ह्यात नेमिचंद जैन हे वार्ताहर मारले गेले. त्यांच्यावरही खबरी असल्याचा ठपका होता. पुढे नक्षलवाद्यांनी या हत्येबद्दल माफी मागितली. माफीची बातमीही बहुधा कुठल्यातरी वार्ताहरानेच दिली असेल.

बस्तरमध्येच संतोष यादव या पत्रकाराला सप्टेंबर २०१५ मध्ये अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला २०१७ उजाडले आणि निर्दोष सुटका जानेवारी २०२० मध्ये झाली. अशा सुटकेची बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांची असते. अटक आणि सुटका यांच्यामध्ये घर कसे चालले, मुलांच्या शाळेत काय विचारले गेले, वर्तमानपत्राने आपल्या वार्ताहराला 'आमचा माणूस' म्हटले की नाही, हे प्रश्न त्या दोन परिच्छेदांत मावत नाहीत. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. नियुक्तिपत्रच दिलेले नसले, की हात झटकणे सोपे जाते.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाडा जिल्ह्यात निवडणुकीच्या चित्रीकरणासाठी गेलेल्या दूरदर्शनच्या पथकावर हल्ला झाला. छायाचित्रक अच्युतानंद साहू जागीच गेले. त्यांचा सहायक मोर मुकुट शर्मा गोळीबार सुरू असताना जमिनीला चिकटून पडला होता. त्या अवस्थेत त्याने मोबाईलवर आईसाठी निरोप ध्वनिचित्रमुद्रित केला. आपले तिच्यावर प्रेम आहे, कदाचित आपण वाचणार नाही आणि समोर मृत्यू दिसत असूनही का कोण जाणे भीती वाटत नाही, असा त्याचा आशय. तो वाचला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि आठवड्याभरात निवडणुकीच्या गदारोळात मागे पडली.

मुकेश चंद्राकर यांचे नाव अधिक अलीकडचे. एप्रिल २०२१ मध्ये नक्षलवाद्यांनी ओलीस ठेवलेल्या केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या जवानाला सोडवून आणणाऱ्या गटात विजापूरचे जे पत्रकार होते, त्यांपैकी ते एक. दोन्ही बाजूंना विश्वास वाटावा, असा माणूस शोधायचा झाला, तेव्हा शासनाला स्थानिक पत्रकारच आठवले, हे येथे लक्षात घ्यावे. अशा माणसाचा मृत्यू जंगलात झाला नाही. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराच्या बातमीनंतर, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांचा मृतदेह एका सेप्टिक टँकमध्ये सापडला आणि ठेकेदारासह काही जणांना अटक झाली. संघर्षग्रस्त भागात बंदुकीच्या आडोशाने पैशाचेही व्यवहार चालतात. रस्ते, खाणी, तेंदूपत्ता यांतील हिशेब विचारणाऱ्याला नेमका कोणाचा धोका आहे, हे आधी कळत नाही.

मनाचा हिशेब

जे जिवंत राहतात त्यांचे काय होते, याचा शास्त्रीय अभ्यास फार उशिरा सुरू झाला. टोरंटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टीन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १४० युद्धपत्रकारांची तुलना कधीही युद्धावर न गेलेल्या १०७ पत्रकारांशी केली. युद्धपत्रकारांपैकी २८.६ टक्के जणांना आयुष्यात केव्हातरी आघातोत्तर तणावविकार, म्हणजे 'पीटीएसडी', जडल्याचे आढळले. तीव्र नैराश्याचे प्रमाण २१.४ टक्के होते. मात्र असे असूनही युद्धपत्रकार उपचार घेण्यात इतरांपेक्षा पुढे नव्हते. रोग जास्त, औषध तेवढेच.

या विकाराची लक्षणे ठाऊक असणे उपयोगी. घडलेला प्रसंग मनात आपोआप पुन्हा पुन्हा उभा राहतो, नुसता आठवत नाही तर घडत असल्यासारखा वाटतो. झोप तुटते. दार आपटले, फटाका वाजला, तरी शरीर दचकते. त्या प्रसंगाशी जोडलेला रस्ता, वास, माणूस टाळला जातो. हळूहळू घरातल्या माणसांविषयीही काही वाटेनासे होते आणि बायकोच्या तक्रारीचे स्वरूप 'हे पूर्वी असे नव्हते' असे असते. महिने लोटले तरी हे ओसरले नाही, तर ते दुबळेपणाचे नव्हे, आजाराचे लक्षण मानावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्याकडे त्यावर 'पत्रकाराने घट्ट व्हावे' हा उपाय सांगितला जातो. संध्याकाळच्या बैठकीत मद्याचा प्याला हा दुसरा.

केव्हिन कार्टरचे उदाहरण याच संदर्भात नेहमी दिले जाते आणि नेहमी चुकीचे दिले जाते. सुदानमधील भुकेले मूल आणि मागे बसलेले गिधाड या त्याच्या १९९३ च्या छायाचित्राला १९९४ मध्ये पुलित्झर मिळाले आणि त्याच वर्षी जुलैत त्याने आत्महत्या केली. मुलाला न वाचवल्याच्या पश्चात्तापाने तो गेला, अशी बोधकथा मोबाईलवरून वर्षानुवर्षे फिरते आहे. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. ते मूल त्या वेळी मेले नाही. तो मुलगा अन्नवाटप केंद्राच्या नोंदीत होता आणि पुढे बरीच वर्षे जगला, असे २०११ मध्ये स्पॅनिश पत्रकारांनी त्याच्या गावी जाऊन शोधून काढले. कार्टरने त्याआधी अनेक वर्षे दक्षिण आफ्रिकेतील वस्त्यांमधला हिंसाचार टिपला होता. एप्रिल १९९४ मध्ये त्याचा जवळचा मित्र केन ऊस्टरब्रूक थोकोझा येथे गोळीबारात मारला गेला. अखेरच्या चिठ्ठीत कार्टरने पैशाच्या ओढाताणीबद्दल लिहिले, तसेच पाठ न सोडणाऱ्या मृतदेहांच्या आठवणींबद्दलही. एका छायाचित्राची टोचणी नव्हे, तर साचत गेलेला आघात, जवळच्या मित्राचा मृत्यू आणि रिकामा खिसा. ही तीन कारणे एकत्र पाहिली, तर गडचिरोली-बस्तरचा वार्ताहर त्या कथेपासून फार दूर नाही.

मुंबईने हे एका रात्रीत अनुभवले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा समोरच्याच इमारतीतील आपल्या कार्यालयातून छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा कॅमेरा घेऊन धावले. हातात रायफल, पाठीवर पिशवी घेतलेल्या अजमल कसाबचे त्यांनी टिपलेले छायाचित्र पुढे जगभर गेले. खटल्यात त्यांनी आणि दुसरे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर यांनी साक्ष दिली. स्थानकावर पन्नासहून अधिक माणसे मेली होती. डिसोझा २०१२ मध्ये निवृत्त होऊन गोव्यात स्थायिक झाले. नंतरच्या मुलाखतींत ते छायाचित्राच्या कौतुकापेक्षा एकाच गोष्टीविषयी बोलत राहिले. जवळच्या सशस्त्र पोलिसांनी त्या वेळी गोळी झाडली असती, तर पुढचे किती जीव वाचले असते! साक्षीदाराच्या मनात ही 'असती तर'ची वाक्ये निवृत्तीनंतरही संपत नाहीत.

किंमत केवळ मैदानातल्यांनाच पडते, असेही नाही. फाइनस्टीन यांच्याच २०१४ मधील पाहणीत कार्यालयात बसून हिंसेची अप्रकाशित दृश्ये तपासणाऱ्या ११६ पत्रकारांचा समावेश होता. अशी दृश्ये किती तास पाहिली, यापेक्षा ती किती वारंवार पाहावी लागली, याच्याशी त्रासाचा संबंध अधिक दिसला. आज जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या उपसंपादकाच्या मोबाईलवर चकमकीची छायाचित्रे कोणत्याही झाकणाविना येऊन पडतात. वाचकांसाठी त्यातली छापण्याजोगी एक निवडायची, तर त्याला सगळी पाहावी लागतात.

कायद्याच्या लेखी

आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धपत्रकाराला स्थान आहे. सैन्यासोबत अधिकृतपणे असलेला वार्ताहर पकडला गेला, तर १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यातील ७९ वे कलम पत्रकारांना नागरिक म्हणून संरक्षण देते. भारताने मूळ करार स्वीकारले असले, तरी हा अतिरिक्त मसुदा स्वीकारलेला नाही. स्वीकारला असता, तरी तो देशादेशांमधील युद्धाला लागू होतो. गडचिरोलीतील संघर्षाला शासनाने कधी युद्ध म्हटलेच नाही. तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. त्यामुळे तेथील वार्ताहर युद्धपत्रकारही नव्हे.

विम्याकडे वळावे, तर गंमत उलटी होते. व्यक्तिगत अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींत युद्ध, यादवी, बंड यांमुळे झालेला मृत्यू वगळलेला असतो. म्हणजे संरक्षण मागताना येथे युद्ध नाही आणि भरपाई मागताना ते युद्ध ठरण्याची शक्यता आहे. पॉलिसीचे बारीक अक्षर वाचून घेणारा संपादकीय विभाग असेल, तर प्रश्न सुटतो. वार्ताहराचा हप्ता मुळात भरणार कोण, हा प्रश्न त्याआधीचा.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्रसारमाध्यमातील व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जून २०११ मध्ये मुंबईत ज्योतिर्मय डे यांची हत्या झाल्यानंतर या मागणीने जोर धरला होता. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानभरपाई, अशी त्यात तरतूद आहे. देशातील असा हा पहिल्या काही कायद्यांपैकी एक, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत असलेला माणूस त्याच्या केंद्रस्थानी आहे. श्रमिक पत्रकारांच्या १९५५ च्या कायद्यातील व्याख्याही 'मुख्य व्यवसाय पत्रकारिता' या अटीभोवती फिरत होती. सकाळी धान कापून दुपारी बातमी पाठवणाऱ्याचा मुख्य व्यवसाय कोणता, याचे उत्तर सरकारी अर्जातील एका चौकटीत द्यायचे झाले, तर तो प्रामाणिकपणे 'शेती' असेच लिहील. अधिस्वीकृतिपत्रिका नाही, म्हणून बहुतेक शासकीय योजनांचे दारही त्याला बंदच.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. केंद्राने नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. चार दशकांच्या या संघर्षाचा हिशेब आता मांडला जाऊ लागला आहे. हुतात्मा पोलिसांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत आणि ती कोरली जायलाच हवी होती. आत्मसमर्पण करणाऱ्यांसाठी २००५ पासून पुनर्वसन योजना आहे. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची यादी पोलिसांकडे आहे. वार्ताहराचा रकाना यांपैकी कशातच नाही. तो मेला तर नागरिक, पकडला गेला तर संशयित आणि जगला तर कमिशन एजंट.

उपचारापुरते एक दार मात्र उघडे आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू असून ती मराठीतूनही मिळते. तेथे फोन करणाऱ्याला नियुक्तिपत्र दाखवावे लागत नाही.